भोपळ्याला डोळे नसतात

दिलसुखनगरच्या स्टॉपवर बस येतेय का हे बघायला मी टाचा उचलतो, तेव्हा माझी पाठ आपोआप ताठ होते, मान लांब होते आणि पोट जेवढं आत जाण्यासारखं आहे तेवढं जातं. शेजारचा माणूस जरा सरकून उभा राहतो. याला चक्कर येतेय की काय, असं त्याला वाटत असावं. मी बॅले करतोय हे त्याला कसं सांगणार. वय पन्नाशीला टेकलेलं आणि हातात दोडक्यांची पिशवी.

पण त्या उभं राहण्याचं नावच मुळी 'बस आली का' असं होतं. बॅलेत त्याला काहीतरी फ्रेंच नाव आहे म्हणे. आमच्या बाईंना फ्रेंच नावांचा कंटाळा. गुडघे बाजूला वाकवून खाली जायचं आणि पाठ सरळ ठेवून वर यायचं, त्याला त्या 'किल्ली पडली' म्हणत. लांब उडी म्हणजे 'नाली'. आणि दोन्ही हातांत पिशव्या असल्यासारखं, कोणालाही धक्का न लावता, बारीक पावलांनी आडवं सरकत जायचं ते 'बेगम बाजार', आमच्या गावातल्या गर्दीच्या पेठेच्या नावानं. "चलो, इधर से उधर तक बेगम बाजार करो," असं त्या म्हणाल्या की सगळी पोरं मिरच्यांच्या पोत्यांमधून वाट काढल्यासारखी सरकायला लागत.

मोजायच्या तेलुगूत: ओकटी, रेंडू, मूडू. रागवायच्या दखनीत: "अरे हौले, पाँव है की पापड है?" कौतुक मात्र मराठीत, आणि तेही एका शब्दात, 'छान'. वर्गातल्या तेलुगू पोरांना मराठीतला हा एक शब्द पक्का ठाऊक होता, आणि तो क्वचित कानावर पडायचा म्हणून घरी जाऊन ती सांगत, आज मला छान मिळालं. मला तो एकदाच मिळाला. "छान पडलात," म्हणाल्या होत्या. ते कसं, ते सांगतोच.

उंच, वाळलेल्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, साडी घोट्याच्या वर खोचलेली, पायांत पी.टी.चे पांढरे कॅनव्हासचे बूट. हातात काठी; टेकायला नव्हे, आपटायला. एका मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. नारायणगुड्याच्या आमच्या मराठी मंडळाचा हॉल रविवारी सकाळी रिकामा असे, तिथे त्या लहान मुलांना बॅले शिकवीत. त्या स्वतः कुठे शिकल्या याबद्दल पालकांमध्ये निरनिराळ्या समजुती होत्या. कोणी म्हणे, शाळेत एक परदेशी सिस्टर होत्या त्यांच्याकडे. कोणी म्हणे, टीव्हीवर बघून. मला चौकशीची खोड. मी सरळ विचारलं.

"पुस्तकात," त्या म्हणाल्या.

"पुस्तकातून बॅले येतो?"

"चित्रं होती. एका चित्रात बाई जमिनीवर, पुढच्या चित्रात हवेत. मधलं मी भरलं."

आमच्या घराण्यात पणजोबांपासून सगळे सरकारी नोकरीत नाहीतर कोर्टात. शरीराचा उपयोग सही करण्यापुरता. त्यामुळे रेवाला, म्हणजे आमच्या मुलीला, बायकोनं या वर्गात घातलं तेव्हा माझ्या आईनं विचारलं होतं, "त्याची परीक्षा असते का?" परीक्षा नसते म्हटल्यावर तिचा रस संपला. रेवा तेव्हा चौथीत होती. तिला सोडायला आणि आणायला जायचं काम माझं, आणि मध्ये घरी जाऊन परत यायचा आळस असल्यामुळे मी हॉलच्या दारात बसून राही. तिथून जे दिसे त्याचं कोडं मला सुटत नसे.

एक तर हॉलमध्ये आरसा नव्हता. नाचाच्या वर्गात आरसा असतो एवढं मलाही ठाऊक होतं. मंडळाच्या कोणी तरी एक जुना मोठा आरसा देऊ केला, तर बाईंनी तो बायकांच्या न्हाणीघरात लावायला सांगितला. दुसरं त्याहून विचित्र. वर्गाची सुरुवात व्हायची ती सगळ्या पोरांनी फरशीवर पालथं पडून, डोळे मिटून, गाल आणि तळहात जमिनीला लावून. मग बाई त्यांच्यातल्या एकाला काठीनं खुणावीत, तो उठून नाचे, आणि बाकीच्यांनी पडल्या पडल्या ओळखायचं.

"कोण चाललंय? वाघ की म्हातारी?"

"वाघ, टीचर."

"ऐसा वाघ? इसके पेट में दर्द है क्या? फिर से चल."

जमिनीतून कळला नाही तो नाच नाही, हा त्यांचा नियम. हात किती सुंदर हलले, चेहऱ्यावर काय भाव होते, याची त्या दखलही घेत नसत. मी बायकोला म्हटलं, ही बाई बॅले शिकवते की भूकंप मोजते. बायको म्हणाली, तू दारात बसून काय मोजतोस?

वाघ आणि म्हातारी का, तर त्या वर्षी बाईंनी गोष्ट बसवायला घेतली होती. आपल्या घरोघरची जुनीच गोष्ट. वाळलेली म्हातारी रानातून लेकीकडे निघते, वाटेत वाघ अडवतो, ती म्हणते, लेकीकडे जाते, खाऊनपिऊन जाड होते, मग खा. आणि येताना भोपळ्यात बसून त्याला चकवून घरी येते. हिचा बॅले. सुरांवर, पावलांवर, आणि एकही शब्द नाही. निवेदन नाही, गाणं नाही, पत्रिकेवर गोष्टीचं नावसुद्धा नाही. 'मुलांचा बॅले' एवढंच.

मंडळाच्या अध्यक्षांना हे पटेना. ते निवृत्त वकील, आणि शब्द नसलेली गोष्ट त्यांना पुरावा नसलेल्या खटल्यासारखी वाटत असावी. एका रविवारी ते मुद्दाम आले.

"बाई, निवेदन ठेवा. मी करतो हवं तर. इथल्या मुलांना मराठी धड येत नाही, त्यांना गोष्ट कळणार कशी?"

"मराठी येत नाही म्हणून तर शब्द काढले."

"अहो पण लोक विचारतील, हे काय चाललंय. बरं, तुमचं आडनाव काय म्हणालात?"

बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. आपल्याकडे हा प्रश्न कशासाठी विचारतात ते तिथल्या सगळ्या मोठ्या माणसांना ठाऊक होतं, मलाही. "बॅलेत आडनाव लागत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्या बाकावरून जरा उठता का? पोरांना नाली करायची आहे."

अध्यक्ष उठले. पण कार्यक्रम संपल्यावर तेच बाईंना सांगत होते की शेवटी निवेदन ठेवलंत ते फार बरं केलंत. त्याचंही कारण पुढे येईल.

मी या प्रकरणात आलो तो असा. बेगम बाजारातून दोन प्रचंड वेताच्या टोपल्या आणल्या होत्या. एकीवर एक पालथी बांधून वर शेंदरी कापड चढवलं की लाल भोपळा. म्हातारी झालेली रेवा त्याच्या आत वाकून चालणार होती. पण ते धूड उचलून चालणार कोण? बाईंनी पालकांना एकेक करून हॉलमध्ये चालायला लावलं आणि स्वतः जमिनीला तळहात टेकून बसल्या. एक बाबा बँकेत होते, त्यांना "घाई आहे" म्हणून बाद केलं. दुसऱ्यांना "तुम्ही जमिनीवर रागावलात" म्हणाल्या. माझी पाळी आली. मी चाललो. त्यांनी डोळे उघडले आणि ओळख झाल्यापासून पहिल्यांदाच माझ्याकडे आवडीनं बघितलं.

"तुमची पावलं गोल पडतात," त्या म्हणाल्या. "तुम्ही भोपळा."

रेवा खाली मान घालून हसत होती. घरी आल्यावर तिनं आईला सांगितलं, "बाबा सिलेक्ट झाले, विदाऊट प्रॅक्टिस."

रेवाला आत शिरायला बाजूला एक फट होती, तिला तिथून दिसे; मला मात्र आतून काही दिसत नसे. मी म्हटलं, कापडाला दोन भोकं पाडू. बाई म्हणाल्या, "भोपळ्याला डोळे असतात?" म्हणून काठीची खूण ठरली. बाई विंगेत उभ्या राहून स्टेजच्या फळ्यांवर काठी आपटणार. एक ठोका म्हणजे चल, दोन ठोके म्हणजे थांब. माझ्या वकुबाला एवढंच झेपेल असं त्यांना वाटलं आणि ते बरोबरच होतं.

भोपळा हॉलमध्ये ठेवला तर लग्नाच्या बुकिंगवाले त्यात फुलं टाकतात, म्हणून एका रविवारी दुपारी तो त्यांच्या घरी पोचवायला मी गेलो. दिलसुखनगरला एका कोचिंग सेंटरच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्यासमोर ताजी फुलं. वडील नांदेडकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले, ते इथेच राहिले. खाटेवर बाईंच्या आई अंबाडीची भाजी निवडत बसलेल्या. नव्वदीच्या आसपास. टोपल्या बघून त्या एवढ्या मोठ्यानं बोलल्या की मी दचकलो.

"कोंबड्या झाकायला आणलं का गं हे?"

बाईंनी होकारार्थी मान हलवली. मला म्हणाल्या, "तिला काहीच ऐकू येत नाही. मशीन आणलं होतं, कानात शिट्टी वाजते म्हणून काढून टाकलं. तुम्ही मोकळेपणानं बोला."

"मग कार्यक्रमाचं सांगितलं नाहीत त्यांना?"

"नेणार आहे. कसली गोष्ट ते सांगणार नाही."

आई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हिनं जन्मभर उड्या मारल्या. पगार मिळायलाय म्हणून मी काही बोलले नाही." आणि पुन्हा भाजीकडे वळल्या.

मग चहा करता करता बाईंनी मला या गोष्टीमागचं कारण सांगितलं. सांगायच्या बेतात नसाव्यात. मीच खोदून विचारलं. त्या लहान असताना आई रोज गोष्ट सांगे, डोळे मिटून. आणि ऐकणाऱ्यानं प्रत्येक वाक्याला 'हूं' म्हणायचं. हूं आला नाही की गोष्ट तिथेच बंद. भावंडांमध्ये बाई सगळ्यांत मोठ्या, म्हणून हूं म्हणायचं काम त्यांचं. बाकीची खुशाल झोपत.

"म्हातारी भोपळ्यात बसते, लेक दारात उभी असते, आणि म्हातारी एकदा मागं वळून बघते. बहुतेक वेळा मला तिथंच झोप लागायची. कितीतरी दिवस मला वाटायचं गोष्ट तेवढीच आहे."

"आता नाही सांगत त्या?"

"कान गेले तेव्हापासून नाही. तोंड चालतंय, दिसतंयच तुम्हाला. पण हूं ऐकू येत नाही. हूं नाही तर गोष्ट नाही. भाचरं मागं लागली, नातवंडं रडली, ऐकत नाही."

मला शंका काढायची सवय. "मान हलवली तर?"

"डोळे मिटलेले असतात. आणि म्हणते, मान तर बैलपण हलवतो."

"हात दाबून?"

"केलं. म्हणाली, हात कशाला दाबायलीस, ताप आलाय का."

त्यांनी कप माझ्यासमोर ठेवला. "म्हणून पायांनी सांगून बघते. स्टेजच्या फळीला हात लावून बसवेन. तिला तिची गोष्ट ओळखू आली तर माझं काम झालं. नाही आली, तर मग खरंच नुसत्या उड्याच मारल्या मी."

हे त्यांनी इतकं सहज म्हटलं की मी साखर जास्त झाल्याबद्दल काहीतरी बोललो. मला अशा वेळी साखरच सुचते. पण पुढच्या रविवारी पोरं फरशीला गाल लावून पडली तेव्हा मी दारात बसल्या बसल्या चपला काढल्या आणि तळपाय जमिनीला नीट टेकवून बसलो. बाईंनी ते बघितलं.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. आमचे जुन्या शहरातले नातेवाईक, दिलसुखनगरकडची बाईंची माणसं, तेलुगू पोरांचे आजी-आजोबा. सगळ्यांत पुढे, स्टेजला लागून, एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बाईंच्या आई. पांढरी साडी, दोन्ही तळहात स्टेजच्या फळीवर. यातलं मी पडद्याच्या फटीतून बघितलं तेवढंच. नंतरचं मला बायकोनं सांगितलं, कारण तोवर मी भोपळा झालो होतो.

म्हातारी आली, बेगम बाजार करत रान ओलांडून गेली. वाघ आला, नाली मारली, फळ्या दणाणल्या. आई कोऱ्या चेहऱ्यानं बघत होत्या. एकदा त्यांनी जांभईसुद्धा दिली. विंगेत बाई काठी धरून उभ्या, त्यांची नजर स्टेजवर नव्हतीच. मग लेकीचं घर झालं, म्हातारीनं जेवणाचे घास घेतले, आणि मी एका ठोक्यावर स्टेजवर आलो. दोन ठोक्यांवर थांबलो. रेवा वाकून माझ्यापुढे आत शिरली. लेक दारात उभी राहिली, आणि रेवानं भोपळ्याच्या फटीतून मागे वळून बघितलं. सगळं थांबलं. बाईंनी तिथे सूरही थांबवले होते.

आणि त्या शांततेत, हॉलच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत जाईल अशा आवाजात, आई म्हणाल्या, "आगं, ही तर आपली म्हातारी."

बायको सांगते, त्यांनी हे म्हटलं आणि डोळे मिटून घेतले. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप चालला होता त्यांनी बघणंच बंद केलं आणि गोष्ट सांगायला लागल्या.

"लेक दारात उभी राहिली. म्हातारीनं मागं वळून बघितलं."

मग त्या थांबल्या. हूंची वाट बघत. एकदोघांनी हळूच हूं म्हटलं, त्याचा काय उपयोग. मला आत दिसत काहीच नव्हतं, पण त्या थांबण्याचा अर्थ मला कळला. आता ही गोष्ट पुन्हा इथेच बंद होणार.

विंगेतून काठीचा एक ठोका पडला.

आईंचे हात फळीवर होते. "भोपळा निघाला," त्या म्हणाल्या. "रानातून जायला लागला."

एक ठोका.

आता माझ्या बाजूनं विचार करा. एक ठोका म्हणजे चल. मी चाललो. "पुढं वाघ बसलेला." ठोका. मी चाललो. वाघाजवळ मला थांबायचं होतं. वाघ माझ्याभोवती फिरून, हुंगून, गोंधळून जायचा होता. त्यासाठी त्या पोरानं अख्खा उन्हाळा घालवला होता. मी त्याच्या अंगावरून गेलो.

"बाबा," रेवा आतून कुजबुजली, "टायगर मागे राहिला."

"ठोका एकच आला," मी म्हटलं.

"पण स्टॉप करायचं होतं ना इथे."

"टीचरना सांग."

बाईंनी दोन ठोके दिले असते तर मी थांबलो असतो, बॅले वाचला असता. पण हूं एकदाच म्हणतात. त्यांनी काठी एकदाच आपटली, पुन्हा एकदा, प्रत्येक वाक्याला एकदा. वाघ माझ्यामागे धावत होता, त्याच्यामागे रानातली झाडं झालेली पोरं, आणि लोकांना वाटत होतं हे असंच बसवलं आहे. आईंचा आवाज माझ्या डावीकडे होता, मग समोर आला, मग अगदी जवळ.

"बाबा, एज आहे," रेवा म्हणाली आणि टुणकन बाहेर पडली.

"आन् म्हातारी सुखानं घरला पोचली," आई म्हणाल्या.

ठोका पडला. मी पाऊल टाकलं.

स्टेज गुडघ्याएवढंच उंच आहे. खाली सतरंजी होती. भोपळा माझ्यासकट आडवा झाला, वरची टोपली सुटून घरंगळत अध्यक्षांच्या पायाशी गेली, आणि मी आईंच्या खुर्चीपुढे पालथा पडलो, गाल जमिनीला लागलेला, दोन्ही तळहात पसरलेले. वर्गातल्या पोरांसारखा. फक्त त्यांना उठायला इतका वेळ लागत नसे.

आईंनी डोळे उघडले. माझ्याकडे त्यांनी फारसं लक्ष दिलं नाही. गोष्टीत भोपळे पडतातच. बाई विंगेतून स्टेज उतरून माझ्या डोक्याजवळ येऊन उभ्या होत्या. मला त्यांचे पांढरे बूट दिसत होते आणि काठीचं टोक.

आई वर बघून म्हणाल्या, "कोण हूं म्हणायलं गं?"

बाईंनी काठी उचलली आणि जमिनीवर एकदा आपटली. तो ठोका फरशीतून माझ्या गालात आला, तळहातांत आला. एक ठोका म्हणजे चल, हे मला पाठ होतं. मी तसाच पडून राहिलो.